वाघ दिसेल का हो बाई?

गेल्या अंकात आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाविषयी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकलं. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची वाईची. 1986 साली लग्न होऊन साकोलीत आले आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या शाळांमधून नोकरी केली. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि शाळेच्या शिक्क्यापासून सगळं बदलावं लागलं.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मी, मिस्टर, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं पुण्याहून येणार आहोत. हातात तीन दिवस आहेत. चार सफारी केल्या तर वाघ नक्की दिसेल का? की सरळ ताडोब्याला जावं? (वाचक, पुणे)

वाघच हवा असेल तर ताडोब्याला जा. रागाने म्हणत नाही. आमच्याकडे वाघ कमी, त्यात दिवाळीत गवत डोक्याइतकं वाढलेलं असतं आणि पाणी जागोजागी. वाघाला पाणवठ्यावर येऊन तुम्हाला दर्शन द्यायची गरजच काय? ते मे महिन्यात. त्या उन्हात सासूबाईंना आणू नका.

आमच्याकडचे वाघ बाहेरही पडतात. सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालेला जय वाघ हा नागझिऱ्याचाच. 2013 साली तो उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात गेला, तिथे नाव कमावलं आणि 2016 मध्ये जो दिसेनासा झाला तो झालाच. त्याच 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघांची संख्या वाढावी म्हणून 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. म्हणजे वन खात्यालाही इथे वाघ बाहेरून आणावा लागला. तुम्ही चार फेऱ्यांत त्याची खात्री मागू नका.

माझ्या सासूबाईंचं माहेर जंगलाला लागून. त्यांनी आयुष्यात दोनदा वाघ पाहिला, दोन्ही वेळा मोहफुलं वेचताना, आणि दोन्ही वेळा फुलांची टोपली टाकून यावी लागली याचंच त्यांना दुःख. सफारीचे दर ऐकून म्हणाल्या होत्या, "वाघ पाहाले पैसे देतेत? आमी त् तो दिसू नये मनून देवाले नारळ देत होतो."

आता तुमचे तीन दिवस. चार नको, दोनच सफारी करा. पहिली नागझिऱ्याची, सकाळची. पिटेझरी किंवा चोरखमारा, जे गेट मिळेल ते घ्या. नोंदणी वन विभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा आणि ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा. सासूबाईंना जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसवा. मागच्या उंच बाकावर कंबरेचं काही खरं नाही. पहाटे जंगलात चांगलंच गार असतं, कानटोपी घालायला लाजू नका. गाडी नागझिऱ्याच्या तलावापाशी आली की इंजीन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं कोणी बोलू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या विश्रामगृहात वीज नव्हती. रात्री कंदील विझवला आणि पलीकडच्या काठावर सांबर ओरडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, त्या वेळी बरोबर कोण होतं ते मात्र आठवत नाही.

कोळसून, म्हणजे रानकुत्री, दिसली तर वाघ दिसल्याइतका आनंद करा. मुलीला आधीच सांगून ठेवा की त्यांना भुंकता येत नाही, ती शीळ घालतात. मग ती वाघाचं नाव काढणार नाही.

दुसरी सफारी नवेगावची. तिसऱ्या दिवशी सफारी नाहीच. त्या दिवशी नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर जा आणि संध्याकाळी मंडई शोधा. भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाहुणे, दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या मुलखाची, नाटकं वडशाहून येतात, रात्री उशिरा सुरू होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. पुण्यात तुम्ही दोन तासांच्या प्रयोगात चहाची सुट्टी शोधता, इथे लोक पोरंबाळं आणि पांघरुणं घेऊन बसतात. अंथरायला सतरंजी न्या.

गाडी म्हणाल तर कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून थेट गोंदियाला येते. वेळ खाते, पण बदलावी लागत नाही.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं की नवेगावचा तलाव माणसांनी बांधला आहे. एवढा मोठा तलाव मशीन नसताना खोदला कसा? (विद्यार्थिनी, नाशिक)

अगं, खोदला नाहीच! म्हणून तर मला हा प्रश्न आवडला.

ताटाला चार ठिकाणी खोक पडली आहे असं समज. वरण सांडू नये म्हणून तू ताट खोल करतेस का? नाही, खोक बुजवतेस. नवेगावला सात टेकड्या आहेत, त्यांना सातबहिणी म्हणतात. त्यांच्यामधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि पावसाचं पाणी आपोआप अडलं. जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचा तलाव उभा राहिला. हे काम अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी केलं असं सांगतात. गावाने पुढे त्यांचा देव केला. तिथल्या एका टेकडीवर कोलासुराचं ठाणं आहे, तेच ते. तलाव बांधणाऱ्याला देव करणारं गाव तुझ्या सरांना विचार आणखी कुठे आहे.

कोहळी समाजाची ही पिढीजात विद्या. उतार कुठे, पाणी कुठे थांबेल, पाळ कुठे टाकली तर कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे ते डोळ्यांनी ओळखत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. मालगुजार म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणारे गावचे जमीनदार, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, लहान असेल तर बोडी. जास्तीचं पाणी पाळ फोडू नये म्हणून एका कडेला सलंग, म्हणजे सांडवा. शेतात पाणी सोडायला पाळीत तुडुम. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्याही खालच्यात.

इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात तलाव लागतातच कशाला, असंही तू विचारशील. मलाही वाईहून आल्यावर हाच प्रश्न पडला होता. उत्तर धानात, म्हणजे भातात आहे. आमचा पाऊस सप्टेंबरात पाय काढता घेतो, आणि नेमका तेव्हाच धान लोंबीवर येतो. त्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी नसेल तर चार महिन्यांची मेहनत पोचट. तलाव आहे तो त्या शेवटच्या पाण्यासाठी.

मालगुजारी 1951 मध्ये गेली आणि तलाव सरकारचे झाले. पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढायला अख्खं गाव उतरायचं, ते हळूहळू थांबलं. काही तलावांत बेशरमाची झाडं इतकी माजली की पाणीच दिसेना. मग अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढीवर मंडळींनी, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांनी, बेशरम उपटून पाण्यातल्या जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या, तशी देशी मासोळी परतली. माझ्या वर्गातला एक ढीवर मुलगा गणितात नापास व्हायचा, पण कोणती मासोळी कोणत्या गवतात अंडी घालते हे त्याला तोंडपाठ. त्याचे गुण मी कुठे लिहायचे होते?

प्रश्न : सारस बघायचे आहेत. कुठे, कधी? कॅमेऱ्याची ६०० एमएमची लेन्स आहे. (वाचक, नागपूर)

लेन्स आहे हे चांगलं, म्हणजे जवळ जायचं कारण उरलं नाही.

महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्यांत सगळ्यांत उंच, आणि घरटं मात्र पावसाळ्यात धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या कडेच्या पाण्यात. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटं होतं त्याचं तेवढं धान गेलंच समजा. तरी तो राखण करतो. जुलै ते सप्टेंबर या काळात घरट्याजवळ जाऊ नका, कितीही गोड फोटो मिळणार असला तरी. एकदा आमच्या ओळखीतल्या पाहुण्यांना मीच उत्साहाने बांधावरून पुढे नेलं. मादी अंड्यांवरून उठली आणि अर्धा तास फिरकली नाही. वर कावळे घिरट्या घालत होते. शेतमालक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर मी कोणालाही घरटं दाखवलेलं नाही.

हिवाळ्यात सकाळी परसवाडा किंवा झिलमिलीच्या तलावाकडे जा. जोडी दिसेल, नाहीतर आधी ऐकू येईल. नाहीच दिसली तर पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या असे पाहुणे पक्षी असतात. नवेगावलाही हीच मंडळी उतरतात. मारुती चितमपल्ली वन खात्यात असताना तिथे राहिले होते. त्यांचं लेखन वाचून येणारे लोक मी खूप पाहिले. तलावावर येऊन ते आधी गप्प होतात.

प्रश्न : हाजरा धबधबा पावसात बघावा का? मित्रांचा ग्रुप आहे. (वाचक, भिलाई)

बघा, लांबून. दरेकसा स्टेशनपासून जवळच आहे. रेल्वेच्या रुळांवरून आणि बोगद्यातून चालत जायचा 'शॉर्टकट' कोणी सांगेल, तो ऐकू नका. पाऊस ओसरल्यावर गेलात तर पाणीही असतं आणि खडकही जरा कोरडे. तिथून कचारगडच्या गुहा जवळ आहेत. ते गोंड समाजाचं तीर्थ आहे आणि माघ पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. पार्टीचं सामान गाडीत सुद्धा नको.

प्रश्न : इटियाडोह धरणाकडे जाताना तिबेटी पताका दिसल्या. हे काय गौडबंगाल? (वाचक, अमरावती)

गौडबंगाल नाही, वसाहत आहे. गोठणगावजवळ 1972 साली तिबेटी निर्वासितांना जागा दिली, नोर्ग्येलिंग तिचं नाव. गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ, बघता येतो, चपला बाहेर काढा. थंडीत गेलात तर घरं बंद दिसतील, कारण बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. अमरावतीत तुम्ही स्वेटर घ्याल तेव्हा विचारून बघा, कदाचित आमच्या तालुक्यातलेच निघतील.