चार महिने झाले, अजून काहीच कसं नाही?

मागच्या वेळी थायरॉइडवर लिहिताना शेवटी एका वाक्यात ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोन उपचारांचा उल्लेख केला होता. थायरॉइडबद्दल तीन पत्रं आली आणि त्या एका वाक्याबद्दल एकोणीस. त्यातली सात इथे घेते. पत्ता तालुक्यापुरताच ठेवला आहे. गोव्यात वाड्याचं नाव लिहिलं की घर कळतं.

बार्देश, वय २२: चार महिन्यांपासून एस्ट्राडिओल (स्त्री-हार्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन अडवणारं औषध) घेते. एका बाजूला स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ आली आहे. कदंब बसमध्ये कुणाचा कोपर लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कॅन्सर असेल का? मैत्रीण म्हणते डोस दुप्पट कर. ती संततिनियमनाच्या गोळ्या दिवसाला चार घेते आणि तिला फरक लवकर दिसला. मॅडम, मला तू म्हणा.

बरं, तू. वयात येणाऱ्या मुलीला अकराव्या-बाराव्या वर्षी जे होतं, ते तुला बाविसाव्या वर्षी होतंय. स्तनाग्रामागची ग्रंथी वाढायला लागली की आधी अशीच घट्ट, दुखरी चकती हाताला लागते. बहुतेकींना ती तीन ते सहा महिन्यांत लागते, म्हणजे तू अगदी वेळेवर आहेस. एक बाजू आधी, दुसरी मागाहून, हेही नेहमीचंच. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या हाताखालून ती एकदा जाऊ दे. स्तनाग्रातून रक्त आलं किंवा वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसली तर मात्र तपासणीची वाट पाहू नकोस.

वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि शेवटी आकार किती होईल ते कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. त्वचा मऊ होणं, तेलकटपणा कमी होणं, घामाचा वास बदलणं हे आधी जाणवतं. कंबर-मांड्यांवर चरबी बसायला सहा महिन्यांच्या आसपास सुरुवात होते. अंगावरचे केस विरळ व्हायला वर्ष जातं. उंची आणि खांद्याची हाडं आहेत तशीच राहतात.

डोस दुप्पट केला म्हणून हे घड्याळ पळत नाही. रक्तातलं एस्ट्राडिओल मिलिलिटरमागे साधारण १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली, एवढं आम्ही बघतो. ते जमलं की वर ओतलेलं औषध स्तनांना मिळत नाही, रक्त गोठण्याचा धोका तेवढा वाढतो.

आता मैत्रिणीविषयी, आणि हे तिला वाचून दाखव. संततिनियमनाच्या बहुतेक गोळ्यांमध्ये असतं ते इथिनिल एस्ट्राडिओल. तुझ्या गोळीतलं एस्ट्राडिओल वेगळं. इथिनिल यकृतात लवकर मोडत नाही आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. म्हणूनच ट्रान्स स्त्रियांच्या उपचारातून ते केव्हाच बाद झालं. फार्मसीत सहज मिळतं, स्वस्त आहे, कुणी काही विचारत नाही, एवढ्यासाठी ते अजून चालतं. चार गोळ्या म्हणजे चौपट. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, तर १०८ ला फोन करायचा आणि काय काय घेतो ते खरं सांगायचं. लाजेपोटी गोळ्या लपवल्यामुळे निदानाला उशीर झालेला मी पाहिलाय.

फोंडा, वय ३१: उपचार सुरू होऊन नऊ महिने झाले. हल्ली कशावरही रडू येतं. चतुर्थीला घरी गेले होते. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास) बांधायला काका दरवर्षी मलाच शिडीवर चढवतात. वरून कांगलांचा घोस बांधताना एकदम हुंदका आला. कारण काहीच नव्हतं. हे औषधामुळे की मी कमकुवत झाले?

पत्रात चार ओळी खाली तुम्हीच लिहिलंय की छाती दिसू नये म्हणून भावाचा दोन मापं मोठा शर्ट घातला होता आणि हात वर केला की तो वर जायचा. खाली सगळं घर माना वर करून बघत उभं. आणि म्हणता, कारण काहीच नव्हतं!

औषधाचा वाटा आहे, नाही असं नाही. टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर रडू लवकर येतं, असं माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी सांगतात. एकीनं सांगितलं होतं, "आधी राग यायचा, आता तोच वाईट वाटतो." बऱ्याच जणींना हा बदल हवाच असतो. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं मोकळं झालं, असं त्या म्हणतात. एकूण अभ्यासही हेच दाखवतात की उपचारानंतर नैराश्य आणि चिंता सरासरीनं कमी होते. पण सरासरी शिडीवर चढत नाही.

रडून झाल्यावर हलकं वाटतं, की सकाळी उठावंसंच वाटत नाही, जेवण जात नाही, ज्यात मन रमायचं त्यातही रमत नाही? यातलं दुसरं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते 'हार्मोन्समुळे होतंच' म्हणून सोडून द्यायचं नाही. अशा वेळी मी आधी औषधांची यादी मागते. तुम्ही सायप्रोटेरोन (हेही टेस्टोस्टेरॉन अडवणारं औषध) घेत असाल तर मन खचणं हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. दिवसाला १० मिलिग्रॅम बहुतेकींना पुरतं, तरी ५० घेणाऱ्या अजून भेटतात. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला तर मेंदूच्या आवरणाच्या गाठीचाही धोका वाढतो. इंजेक्शनवर असाल तर डायरीत लिहा: रडू इंजेक्शनच्या आदल्या दिवसांत जास्त येतं का? रक्तातली पातळी त्या दिवसांत तळाला गेलेली असते. दोन इंजेक्शनांमधलं अंतर कमी करून ते सुधारतं.

आणि जीव द्यावासा वाटला, एकदाही, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीसुद्धा चालू असतो. बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ म्हटलं की आपल्याकडे लोक अजून आवाज खाली करतात. तिथं नुसतं बोलायला जाणारेही असतात.

पुढच्या चतुर्थीला स्वतःच्या मापाचा कुर्ता घाला असं मी सांगणार नाही. ते कधी आणि कुणासमोर, हे तुम्ही ठरवाल.

केपे, पत्नी: आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. माझा नवरा म्हणजे आता ती. आम्ही एकत्रच राहतो, आमचं बरं चाललंय. पण आठ महिन्यांपासून ती पाठ करून झोपते. तिला मी नको झालेय का?

हार्मोन सुरू झाले की पहिल्या एक ते तीन महिन्यांतच इच्छा उतरते आणि शरीर पूर्वीसारखं आपोआप जागं होत नाही. तिला तुम्ही नको आहात असा त्याचा अर्थ नाही. बहुधा तिला स्वतःलाच कळत नसेल की आता कुठून सुरू करायचं. काही महिन्यांनी इच्छा परत येते, पण वेगळी. घाईची कमी, जवळीकीची जास्त. दोघींना पूर्वीसारखा संबंध हवा असेल तर त्यालाही गोळ्या आहेत, डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: शुक्राणू कमी होतात, पण संपतीलच असं नाही. मूल नको असेल तर गर्भनिरोधन चालू ठेवा.

मुरगाव, वय ४६: खारवीवाड्याच्या जेटीवर मासळीचे क्रेट चढवते. पूर्वी एकावर एक दोन उचलायचे, आता एकालाच दम लागतो. उन्हात उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून रोज दोन आडसरं (शहाळी) पिते. लॅबवाल्यानं हिमोग्लोबिन १२.६ कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगितलं. पोटॅशियम ५.४. स्पायरोनोलॅक्टोन आणि एस्ट्राडिओलच्या गोळ्या चालू आहेत. कंबरेसाठी अधूनमधून पेनकिलर. बिडी आहे.

तुमचं पत्र वाचून मी पेन खाली ठेवलं आणि आधी ते आडसर बंद करायचा निरोप पाठवला.

स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारं, रक्तदाब उतरवणारं औषध. टेस्टोस्टेरॉन अडवणं हा त्याचा दुसरा गुण. लघवीतून ते पाणी आणि मीठ काढतं, पण पोटॅशियम आत धरून ठेवतं. आणि शहाळ्याचं पाणी म्हणजे पोटॅशियमचा तांब्याच. इतर कुणाला मी स्वतः ते प्यायला सांगते, तुम्हाला नाही. पेनकिलरही मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाहीत. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळतं त्या मिठातही पोटॅशियमच असतं, घरात असेल तर बघा. ५.४ ला घाबरायचं कारण नाही, पण याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून तपासणी परत करा. डोस बहुतेक खाली येईल. हातपाय लुळे वाटले किंवा छातीत धडधड चुकल्यासारखी झाली तर थेट कॅज्युअल्टीत जा. उन्हात साधं पाणी, सावली आणि उठताना घाई नको.

हिमोग्लोबिनचं मात्र चुकीचं वाचलं गेलं. रिपोर्टवर 'पुरुष' छापलंय, म्हणून १३ च्या खालचं सगळं लाल शाईत आलं. टेस्टोस्टेरॉन उतरलं की हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीवर येतं आणि बायकांची रेघ १२ ला आहे. तुमचं ठीक आहे. लोहाच्या गोळ्या कपाटात राहू द्या. लॅबचं काय घेऊन बसायचं? मी पूर्वी जिथं बसायचे तिथं आमच्याच माणसानं कागदावरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं. ती बाई उठलीच नाही, तासाभरानं निघून गेली, परत आली नाही. त्या दिवसापासून मी नंबर पुकारायला लावते.

ताकद जाणार, ती परत पूर्वीएवढी होत नाही. मुकादमाला काय सांगायचं ते तुम्ही जाणता, पण क्रेट दोघांनी उचला. वय चाळिशीपुढचं आणि वर बिडी, तेव्हा गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या एस्ट्राडिओल जेलबद्दल विचारा. ते यकृतातून जात नाही, त्यामुळे गुठळीचा धोका कमी. जेलचा खर्च जास्त पडेल. बिडी सोडलीत तर त्यातला थोडा निघेल.

पेडणे, आई: मुलगा १९ वर्षांचा. जत्रेतल्या नाटकात लहानपणापासून बायकांची कामं करायचा, आम्हीच हौसेनं लुगडं नेसवायचो. आता म्हणतो मी मुलगीच आहे, हार्मोन घेणार. नाटकानं बिघडला का? एक डॉक्टर मन बदलून देतो म्हणतात. आम्हाला नातवंड बघायचंय. ती ऐकत नाही.

पेडण्यापासून काणकोणापर्यंत जत्रेच्या नाटकांत आणि दशावतारात किती पुरुषांनी लुगडी नेसली असतील! बालगंधर्व दशकानुदशकं स्त्रीभूमिका करत होते आणि घरी संसारी गृहस्थ होते. लुगड्यानं कुणी बाई होत नाही. इतकंच झालं असेल की तुमच्या मुलाला वर्षातून एक रात्र मनासारखं उभं राहायला मिळालं, तेही सगळ्या गावाच्या टाळ्यांत.

मन बदलून देणाऱ्या डॉक्टरांकडे पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आणि ती नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही २०२२ मध्ये असले 'बदलून देण्याचे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं.

नातवंडाचा प्रश्न रास्त आहे आणि तो आजच विचारायचा. उपचार सुरू झाल्यावर शुक्राणू घटतात. औषध थांबवल्यावर काहींचे परत येतात, काहींचे नाही. पहिल्या गोळीआधी आयव्हीएफ केंद्रात शुक्राणू गोठवून ठेवता येतात. एकोणिसाव्या वर्षी कुणालाच मूल डोळ्यांसमोर दिसत नाही, तेव्हा आग्रह करू नका, फक्त विचारा. 'मला नातवंड हवं' म्हणून नको. 'तुला पुढे कधी वाटलं तर?' असं. बाकी परिणामांतलं स्तनांचं वाढणं कायमचं असतं. स्नायू-चरबीतले बदल औषध थांबवलं तर बरेचसे मागे येतात. सुरुवातीला यकृत, मूत्रपिंड, साखर, चरबी, प्रोलॅक्टिन या तपासण्या आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त. त्या फेऱ्यांना सोबत जाल का?

आणि तुमच्या लक्षात आलं नसेल, पत्राच्या शेवटच्या वाक्यात तुम्ही 'ती' लिहिलंय.

सासष्टी, वय २६: दीड वर्ष झालं, आवाज का बदलत नाही? दाढीपण आहेच.

वयात येताना जाड झालेले स्वरतंतू एस्ट्रोजेननं बारीक होत नाहीत. आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट लागतो आणि रियाजासारखा रोजचा सराव. नुसता वरच्या पट्टीत बोलून घसा बसवून घेऊ नका. दाढी औषधानं मऊ पडते, जात नाही. काळ्या केसांना लेझर चालतं. आपल्या सावळ्या त्वचेला कोणतं यंत्र वापरणार ते आधी विचारा, नाहीतर डाग पडतात. पांढऱ्या केसांना इलेक्ट्रॉलिसिसच.

डिचोली, वय ३८: वृषण काढायचं ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली. आता शरीरात टेस्टोस्टेरॉन बनतच नाही, मग गोळ्या कशाला? दोन वर्षांपूर्वी सोडल्या. हल्ली पाठ दुखते, रात्री अंगातून वाफा येतात.

स्पायरोनोलॅक्टोन सोडलंत ते योग्य, एस्ट्राडिओल सोडलंत ते चुकलं. हाडांना टेस्टोस्टेरॉन किंवा एस्ट्रोजेन, दोनपैकी एक हार्मोन लागतंच. दोन्ही नसली की अडतिसाव्या वर्षी साठीतल्या बाईसारखी हाडं पोकळ होतात. अंगातल्या वाफा त्याच्याच. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि ड-जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या, पण जुन्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या आजपासून सुरू करू नका. आधी रक्तदाब आणि रक्त तपासून डॉक्टर डोस नव्यानं ठरवतील. ऑपरेशनचे कागद सोबत न्या.