होडी तुमची, ताबा शेडवाल्याचा

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. एका परिचितांच्या वडिलांची १९६०च्या दशकातली ३० फुटी, केबिनची, सागवानी मोटरबोट मी स्टॅम्पपेपरवर विकत घेतली. नोंदणी अजून जुन्या मालकांच्याच नावावर आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर ती रायगडमधल्या एका खाडीकाठच्या शेडमध्ये दुरुस्तीला दिली. शेडवाल्यांनी लेटरहेडवर ‘अंदाजे ६,५०,००० रुपये, पाच महिने’ असं लिहून दिलं, मी ४ लाख आगाऊ दिले. तळाच्या फळ्या काढल्यावर आतल्या बरगड्या कुजलेल्या निघाल्या. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारलं, ‘या पण बदलून टाकू ना?’ मी अंगठा पाठवला. ऑक्टोबरात बिल आलं १३,८०,००० रुपयांचं. शिवाय बिलाच्या तारखेपासून रोज १,५०० रुपये शेडभाडं, आणि पाच वर्षांपूर्वीची माझ्या दुसऱ्या फायबरच्या होडीची ६० हजारांची बाकी. पैसे भरल्याशिवाय होडी देणार नाही, महिन्याभरात लिलाव करू, असं म्हणतात. ताडपत्री फाटली आहे, पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी गेलं. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. भाचा म्हणतो, उधाणाच्या भरतीला रात्री ओढून नेऊ, होडी आपलीच आहे. काय करू?

उत्तर : आधी भाच्याला थांबवा. बाकीचं सगळं सावकाश बघू, पण हे आजच.

स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. चोरीचा गुन्हा मालकीविरुद्ध नसतो, ताब्याविरुद्ध असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत घड्याळाचं एक उदाहरण आहे आणि ते जुन्या दंडसंहितेपासून तसंच चालत आलं आहे. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, दुरुस्तीचे पैसे बाकी असल्यामुळे घड्याळजीनं कायदेशीरपणे अडवून धरलं असेल, आणि त्याचं हे तारण बुडावं म्हणून मालकानं ते उचलून नेलं, तर मालक चोर ठरतो. घड्याळाच्या जागी तुमची होडी ठेवा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज पोलीस दिवाणी मामला म्हणून तुम्हाला परत पाठवतात, उद्या तेच पोलीस शेडवाल्याची तक्रार घेऊन भाच्याच्या दारात उभे राहतील. आणि आज तुमची बाजू बरीच भक्कम आहे, ती एका रात्रीत हातची जाईल.

म्हणजे शेडवाल्याला होडी अडवायचा हक्क आहे का? आहे. करार कायदा, १८७२, कलम १७०. वस्तूवर कसब किंवा मेहनत खर्ची घालणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. पण हा हक्क जितका जुना तितकाच तोकडा आहे, आणि शेडवाले लोक नेमकं हेच विसरतात.

एक तर तो फक्त त्याच वस्तूवरच्या कामापुरता असतो. फायबरच्या होडीची ६० हजारांची बाकी या होडीवर चढवता येत नाही. सगळ्या येण्यापोटी हाती लागेल ती वस्तू अडवण्याची मुभा कलम १७१नं बँका, आडते, धक्केवाले (धक्क्यावर माल उतरवून सांभाळणारे), हायकोर्टाचे वकील आणि विम्याचे दलाल एवढ्यांनाच दिली आहे. (आम्हा वकिलांना त्या यादीत का घेतलं, यावर बार रूममध्ये बरेच विनोद होतात.) शेडवाला कदाचित म्हणेल की माझा स्वतःचा धक्का आहे, मीही धक्केवाला. पण तुम्ही होडी त्याच्याकडे दुरुस्तीला दिली होती, माल उतरवायला नव्हे. शिवाय ती बाकी पाच वर्षांची आहे. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात तुम्ही ती बाकी लेखी कबूल केली नसेल किंवा तिच्यापोटी थोडेफार पैसे दिले नसतील, तर ती वसूल करायला त्याला कोर्टाचं दार बंद आहे. म्हणून आता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ते ६० हजार नंतर बघू’ असलं काही लिहू नका. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांचासुद्धा शेडवाल्याचा वकील कबुली म्हणून उपयोग करील.

दुसरं, लिलाव. या हक्कात विक्रीचा अधिकार नाही. सोनं गहाण ठेवलं तर सावकाराला रीतसर सूचना देऊन ते विकता येतं, कारण तारण ठेवून घेणाऱ्याला कलम १७६ तसा अधिकार देतं. दुरुस्तीवाल्याला असं कोणतंही कलम नाही. तो होडी धरून बसू शकतो, किंवा पैशांसाठी दावा लावून हुकूमनामा मिळवू शकतो. परस्पर विकली, किंवा तिच्या पितळी खिडक्या-कड्या भंगारात घातल्या, तर मात्र मामला दिवाणी राहत नाही. तेव्हा न्याय संहितेच्या विश्वासघाताच्या कलम ३१६खाली तुमची तक्रार पोलिसांना घ्यावी लागेल.

तिसरं, शेडभाडं. स्वतःच्या हक्कासाठी वस्तू अडवून ठेवायची आणि वर ती ठेवल्याचं भाडंही लावायचं, हे चालत नाही. यावरचा सर्वांत जुना आणि अजून मानला जाणारा निवाडा, योगायोग बघा, जहाजदुरुस्तीचाच आहे. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८६० साली सांगितलं की बिलासाठी जहाज गोदीत अडवून धरणाऱ्या दुरुस्तीवाल्याला अडवणुकीच्या काळातलं गोदीभाडं मागता येणार नाही, कारण तो ते जहाज स्वतःच्या फायद्यासाठी धरून बसलेला असतो. आपल्या कोर्टावर तो निवाडा बंधनकारक नसला, तरी युक्तिवादात वजनदार आहे. लेटरहेडवर भाड्याचा उल्लेख आहे का, तेवढं बघा. उल्लेख असेल तर हा मुद्दा जरा पातळ होतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या पत्रात ती ओझरती येऊन गेली आहे. वस्तू अडवून धरली तरी तिची काळजी घेण्याची जबाबदारी सुटत नाही. कलम १५१ म्हणतं, सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायची. शेडवाला स्वतःच्या होड्या पावसाळ्याआधी शाकारतो की नाही? तुमच्या होडीवर मात्र फाटकी ताडपत्री. जुन्या लाकडी होडीला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याचा धोका मोठा. ते केबिनच्या छतातून झिरपतं, बरगड्यांच्या बुडाशी साचतं आणि तिथून कुजायला सुरुवात होते. नव्यानं बसवलेल्या बरगड्याही त्यातून सुटत नाहीत. उन्हाळ्यात उलटं होतं. फळ्या वाळून आकसतात, सांध्यांत भरलेला कापूस सैल पडतो, आणि टेकू चुकीच्या जागी असतील तर मधला कणाच वाकतो. एकदा कणा वाकला की पुढची दुरुस्ती म्हणजे जवळपास नवी होडी. तेव्हा या प्रकरणात वेळ जाईल तितका तोटा तुमचाच आहे. पैशांचं भांडण दोन वर्षं चाललं तरी चालेल, होडी मात्र पावसाआधी बाहेर यायला हवी. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

आता तुमची बाजू जिथे लंगडी आहे तिथे येऊ. तो अंगठा. करार तोंडी होतो, वागण्यातून होतो, तसा अंगठ्यानंही होतो. बरगड्या बदलायला तुम्ही होकार दिलात, हे कोर्टात नाकारू नका. उलटतपासणीत ते टिकणार नाही आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र होकार कामाला होता, ७ लाख ३० हजारांच्या वाढीला नव्हता. दर ठरलेला नसला की कायदा वाजवी मोबदला देतो. कलम ७०चा आधार घेऊन शेडवाला म्हणेल की फायदा तुम्ही घेतलात, तेव्हा भरपाई द्या. आणि त्यात तथ्य आहे. जुन्या होडीच्या फळ्या उघडल्यावर अंदाज वाढतोच, हे त्या धंद्यातला प्रत्येक मिस्त्री सांगेल. ‘अंदाजे’ हा शब्दही तुमच्या विरुद्ध जातो. प्रश्न वाढीचा नाही, किती वाढ योग्य, हा आहे.

त्याचं उत्तर वकील देऊ शकत नाही, मरीन सर्व्हेअर, म्हणजे होड्या-जहाजांची तपासणी करणारा तज्ज्ञ, देऊ शकतो. तो छोट्या हातोडीनं फळीन् फळी ठोकत जातो. टणक आवाज आला तर लाकूड ठीक, भद्द आवाज आला तिथे खडूनं खूण करतो आणि टोच्या लावून बघतो. किती बरगड्या नव्या, किती जुन्यांना नुसता जोड दिलाय, सागवान आहे की दुसरंच लाकूड रंगवून बसवलंय, खिळे तांब्याचे की लोखंडी, हे त्याच्या अहवालात येतं. मग त्यावरून घनफूट, मजुरी आणि साहित्य असा हिशेब मांडता येतो. एका ओळीत ‘लाकूडकाम व मजुरी’ लिहिलेलं १३,८०,००० चं बिल त्या अहवालापुढे किती टिकतं ते बघू.

तर करायचं काय? वकिलामार्फत नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. आगपाखड नको. त्यात साधारण असं असावं : ‘सविस्तर बिल सात दिवसांत द्यावे. उभयपक्षी ठरलेल्या सर्व्हेअरकडून संयुक्त पाहणी करू द्यावी. वाजवी मोबदला देण्यास आमचे अशील तयार आहेत आणि त्यापोटी २,५०,००० रुपये तात्काळ देऊ करीत आहेत. शेडभाडे व अन्य होडीची बाकी अमान्य. होडीची वा तिच्या कोणत्याही भागाची विक्री केल्यास फौजदारी कारवाई होईल. ताडपत्री पंधरा दिवसांत बदलावी, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल.’ हे अडीच लाख म्हणजे मूळ अंदाजातली उरलेली रक्कम, जी तुम्हाला द्यायची आहेच. ती आधी देऊ केली की कोर्टापुढे तुम्ही पैसे बुडवायला निघालेले ग्राहक दिसत नाही.

शेडवाला ऐकला नाही तर दोन वाटा आहेत. ग्राहक आयोगात तुम्ही ठाण्यातच तक्रार करू शकता, कारण २०१९च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथे तक्रार करायची सोय दिली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं शुल्कही नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण तुमच्या डोक्यात पर्यटकांना खाडीत फिरवायचा विचार असेल, किंवा शेडवाल्याशी तसं बोलणं झालं असेल, तर ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येईल आणि सगळी तक्रार त्यावरच अडकेल. दुसरी वाट म्हणजे होडी जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा. मी असतो तर हीच धरली असती. ठाण्याहून हेलपाटे पडतील, ते मान्य. पण इथे दाव्याबरोबर तीन अर्ज देता येतात : विक्रीला मनाई, कोर्ट कमिशनरकडून (कोर्टानं नेमलेल्या माणसाकडून) पाहणी आणि होडीच्या जतनाचा आदेश, आणि वादातली रक्कम कोर्टात भरून किंवा बँक गॅरंटी देऊन होडी सोडवून घेण्याची परवानगी. तिसरा अर्ज मंजूर झाला की शेडवाल्याचं तारण होडीऐवजी कोर्टातला पैसा होतो. त्याचंही नुकसान नाही, तुमचंही नाही.

कोर्टाचीही वाट बघवत नसेल तर पूर्ण रक्कम ‘हक्क राखून, नाइलाजानं’ असं लेखी कळवून भरा, होडी न्या, आणि जादा रकमेच्या परताव्याचा दावा लावा. करार कायद्याच्या कलम ७२खाली नेमकं हेच उदाहरण आहे. रेल्वेनं माल सोडायला बेकायदा जादा आकार मागितला, ग्राहकानं माल मिळावा म्हणून भरला, तर जादा भरलेलं परत मागता येतं. हातात पैसे असतील तर हा मार्ग सर्वांत जलद आहे. नसतील तर विचारही करू नका. गेलेले पैसे परत यायला वर्षं लागतात.

नोंदणी जुन्या मालकांच्या नावावर आहे, याचा बाऊ करू नका. होडी तुमच्या हातून स्वीकारणाऱ्या शेडवाल्याला आता ‘तुमचा अधिकारच काय?’ असं विचारता येत नाही, पुराव्याचा कायदा त्याला तसं करू देत नाही. पण नोंदणी आणि विमा नावावर झाल्याशिवाय होडी पाण्यात नेणं धोक्याचं आहे. तेव्हा जुने मालक संपर्कात आहेत तोवर त्यांची सही घेऊन मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात हस्तांतराचा अर्ज करून टाका.

ताबा घेताना काढून ठेवलेल्या प्रत्येक भागाची यादी करून दोघांच्या सह्या घ्या : खिडक्या, कड्या, सुकाणूचं चाक, इंजिनाचे सुटे भाग. आणि होडी पाण्यात सोडण्याआधी सर्व्हेअरचा अहवाल हातात असू द्या. इतके महिने कोरडी राहिलेली होडी पहिले काही दिवस पाणी घेणारच, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पंप चालू ठेवावा लागेल. ते पाणी कामातल्या दोषामुळे आलं की नुसत्या वाळलेल्या लाकडामुळे, हे होडी पाण्यात उतरल्यावर कोणालाच सिद्ध करता येत नाही.