छप्पर कापून कन्व्हर्टिबल केलेली जुनी एल्डोराडो घ्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, ओहायोत विक्रीस असलेली 1981 ची कॅडिलॅक एल्डोराडो मूळची कूपे, म्हणजे कायम छपराची दोन दारी गाडी, असून नंतर बाहेरच्या कार्यशाळेत तिचे छप्पर कापून ती कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता-मिटता येणारी, केलेली आहे, तर दुर्मिळ म्हणून तिला जास्त किंमत द्यावी का. मी डेट्रॉइटजवळ मोटारींच्या सांगाड्यांवर काम करतो आणि अशीच एक गाडी नऊ वर्षे सांभाळली आहे. माझे मत असे की, छप्पर काढल्यावर त्याच्या बदल्यात खाली काय घातले आहे, हे पाहूनच किंमत ठरवावी.

1976 ची एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल, अशी जाहिरात झाली आणि त्या वर्षी अशा 14,000 गाड्या बनल्या. कारखाने थांबले, पण हौस थांबली नाही. मग सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्टसारख्या कार्यशाळांनी नव्या कूपे घेऊन त्यांची छपरे उतरवली; राष्ट्राध्यक्ष केनेडींची लिंकन मोटार याच मंडळींनी तयार केली होती. पुढे 1982 मध्ये ब्यूकने रिव्हिएरा कूपे एएससी या कंपनीकडून कन्व्हर्टिबल करून अधिकृतपणे विकली. 1984 मध्ये कॅडिलॅकनेही पुन्हा कन्व्हर्टिबल आणली, तेव्हा 'शेवटची' म्हणून 1976 ची गाडी घेणारे काही ग्राहक कोर्टात गेले. त्यांचा राग मला समजतो.

आता मुद्द्याचे. 1981 च्या सुमाराच्या एल्डोराडोला वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा खालचा स्वतंत्र सांगाडा, आहे, त्यामुळे छप्पर कापले तरी गाडी उभी राहते. 1986 नंतरच्या एल्डोराडोत वेगळी चासी नसून सगळा भार कवचावरच असल्याने तिथे हेच काम फार जोखमीचे होते. तरीही छप्पर म्हणजे वरची तुळईच असते. ती काढली की गाडी मधोमध खाली वाकू पाहते आणि दाराची मागची फट वर अरुंद, खाली रुंद होते. चांगल्या कारागिराने दारांखालच्या उंबरठ्यांच्या आत जाड पत्रा आणि खाली तिरके आधार जोडलेले असतात. घाईच्या कामात कापलेली कड नुसती झाकलेली असते.

माझ्या गाडीचे काम करणाऱ्याने असेच केले होते. पहिल्यांदा टायर बदलायला मागचा कोपरा जॅकवर घेतला आणि उघडलेले दार परत लागेना. कुलपाची जीभ खाचेच्या बोटभर वर अडत होती. पुढे उंबरठा उघडला, तेव्हा आत गंजलेला मूळ पत्रा तेवढा मिळाला.

म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन हीच परीक्षा करा: मागचे एक चाक जॅकने उचला, दोन्ही दारे उघडून पुन्हा लावा आणि फटी पाहा. मग खडबडीत रस्त्यावर चालवताना आरशातले चित्र किती थरथरते तेही बघा. चासी क्रमांक कूपेचाच असेल, त्यामुळे रूपांतर कोणी केले याची कागदपत्रे मागा. टपाची चौकट आणि मागच्या बाजूच्या काचा त्या कार्यशाळेने स्वतः घडवलेल्या असतील, तर त्या कॅडिलॅकच्या सुट्या भागांत मिळणार नाहीत. एखादी काच तडकलेली असेल, तर ती नव्याने कापून घेण्याचा खर्च आधी विचारून मगच भाव बोला.