वाचकांचे प्रश्न : कला महाविद्यालयाच्या फाटकाआत

मागील अंकात कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांविषयी या सदरात थोडेसे लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : आत काय चालते ते बाहेरच्यांना कळत नाही आणि बाहेरच्यांनी यावे असे आतल्यांना वाटत असले, तरी ते सांगावे कसे हे त्यांना उमगत नाही. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी गिरगावात राहते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या कचेरीत तीस वर्षे नोकरी केली आणि रोज जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकावरून गेले, पण आत कधी पाऊल टाकले नाही. चित्रकलेतले काही कळत नसलेल्या माणसाने तेथील प्रदर्शनाला जावे का? कोणी हटकणार नाही ना?

अवश्य जावे. वार्षिक प्रदर्शन लोकांसाठी खुले असते. फाटकावर नोंदवहीत नाव लिहायला सांगितले तर लिहावे, एखादे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि सरळ आत जावे.

चित्रकलेतले काही कळत नाही असे तुम्ही लिहिता, पण त्या शाळेचे काम तुम्ही तीस वर्षे रोज पाहत आला आहात. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची जी दगडी उठावशिल्पे आहेत, ती या शाळेत शिल्पकला शिकवणारे लॉकवूड किपलिंग यांच्या कल्पनेतली आहेत. समोरच्या व्हीटी स्टेशनच्या खांबांवर आणि कमानींवर कोरलेली पाने, पक्षी, प्राणी नीट पाहिलेत तर एकासारखा दुसरा सहसा सापडणार नाही. ते नक्षीकाम या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. त्याच काळात शाळेतलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या अनेक पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रदर्शनात शिरल्यावर शेवटच्या वर्षाच्या मोठ्या कॅनव्हासांकडे धाव न घेता आधी पहिल्या वर्षाच्या खोलीत जावे, असे मी सुचवीन. तेथे वस्तुचित्रे असतात : एक तांब्या, एक घडी पडलेले फडके, दोन कांदे. एकाच मांडणीची वीस-पंचवीस चित्रे शेजारी शेजारी लावलेली दिसतील आणि तोच तांब्या प्रत्येकाने निराळा पाहिलेला दिसेल. ज्याने आयुष्यभर घरात तांब्या हाताळला आहे त्याला कोणता जड वाटतो आणि कोणता पोकळ, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. चित्रांखालची नावे आज तुमच्या ओळखीची नसतील, याचेही वाईट वाटून घेऊ नये. याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा १८९६ साली घडवला तेव्हा तेही कोवळ्या वयाचेच होते.

प्रश्न : मी एका कला महाविद्यालयात रंगकला विभागात तिसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या विद्यार्थी मंडळाने एक वार्तापत्र सुरू केले आहे. पहिल्या अंकात प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा सविस्तर वृत्तान्त आणि पाहुण्यांची भाषणे छापली, पण आमच्याच वर्गातल्या मुलांनी तो अंक वाचला नाही. त्यात काय छापावे?

तुमचा अंक मी वाचला. दीपप्रज्वलन कोणी केले, शाल व श्रीफळ कोणाला दिले आणि आभार कोणी मानले हे सर्व त्यात आहे. भिंतीवर काय होते, एवढेच नाही. तुमच्या वर्गातल्या मुलीने चार महिने खपून केलेल्या चित्राचे नावसुद्धा त्या चार पानांत कोठे आलेले नाही. वाचक दुरावला तो तेथेच.

महाविद्यालयाची बातमी दोनदा लिहायची असते, एकदा कार्यक्रमाच्या आधी आणि एकदा नंतर, आणि या दोन्हींचे काम वेगवेगळे आहे. आधीच्या बातमीने माणसाला दारापर्यंत आणून पोचवले पाहिजे. ती वाचणारा तुमच्या आवारात कधीच आलेला नाही असे धरून चालावे. कोणत्या स्टेशनावर उतरायचे, कोणत्या फाटकाने यायचे, शेवटचा प्रवेश किती वाजता, रविवारी चालू आहे की बंद, दालन जिन्यावर असेल तर गुडघेदुखीच्या माणसाला दुसरी वाट आहे का, छायाचित्रे घेता येतात का आणि एखादे चित्र विकत घ्यावेसे वाटले तर कोणाशी बोलायचे, हे सारे स्वच्छ लिहावे. तारीख दोनदा तपासावी.

तारखेचे मी मुद्दाम सांगतो, त्याला कारण आहे. मी एका महाविद्यालयात शिकवत असताना प्रदर्शनाची मुदत दोन दिवसांनी कमी झाली. फलकावर दुरुस्ती झाली, पण आधी पाठवलेली पत्रके तशीच राहिली. त्या पत्रकाच्या भरवशावर एका विद्यार्थ्याचे वडील रात्रीच्या गाडीने कणकवलीहून आले. सकाळी ते दालनाशी पोचले तेव्हा भिंती रिकाम्या होत्या आणि शिपाई खिळे उपटत होता. मुलगा धावत वर्गात गेला, गुंडाळी आणली आणि व्हरांड्याच्या फरशीवर ती सोडू लागला. कागद परत परत गुंडाळला जाई, म्हणून एका कोपऱ्यावर वडिलांचा डबा, दुसऱ्यावर पाण्याची बाटली आणि खालच्या दोन कोपऱ्यांवर त्याच्या स्वतःच्या चपला ठेवल्या. वडील उकिडवे बसून त्यांच्याच गावच्या ओहोळाचे ते चित्र बराच वेळ पाहत राहिले. ती पत्रके माझ्या डोळ्यांखालून गेली होती. दुरुस्तीचे एक पोस्टकार्ड मी टाकू शकलो असतो.

नंतरच्या बातमीचे काम निराळे : जो आला नाही त्याला तेथे काय घडले ते दाखवणे. समजा, व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक झाले. ‘मान्यवर चित्रकारांनी सुंदर प्रात्यक्षिक सादर केले’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा असे लिहावे की उपाहारगृहातले काका मॉडेल म्हणून खुर्चीत बसले, खुर्चीच्या पायांभोवती आणि त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा केल्या, म्हणजे विश्रांतीनंतर त्यांना नेमके तसेच बसता यावे. चित्रकाराने डोळे किलकिले करून आधी कपाळाखालची आणि हनुवटीखालची सावली एका सपाट डागात लावली आणि डोळ्यांना हात घातला तो तासाभराने. मागे उभ्या असलेल्या मुलांनी बाकांवर चढून पाहिले आणि शेवटी काका उठून इझेलसमोर आले तेव्हा सर्वांत आधी त्यांनी आपल्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिले. एवढे लिहिलेत तर न आलेला विद्यार्थी पुढच्या वेळी नक्की येईल आणि आलेल्याला आपण काय पाहिले ते पुन्हा आठवेल.

प्रत्येक कलाकृतीविषयी शीर्षक, माध्यम, आकार, विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष एवढे तरी द्यावे. शाडूची माती मळून देणारा, पुतळ्यावरचे फडके रात्री ओले करणारा, तासन्‌तास न हलता बसणारा मॉडेल यांचीही नावे त्यांच्या संमतीने छापावीत. चित्रकार रावबहादूर धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून जे. जे.मध्ये आले आणि १९३१ पर्यंत तेथेच राहिले. त्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहून ठेवल्या, म्हणून त्या काळचे वर्ग आणि माणसे आज आपल्याला दिसतात. तुमचे वार्तापत्र चार पानांचेच आहे, पण पन्नास वर्षांनी तुमच्या महाविद्यालयाविषयी कोणाला काही शोधायचे झाले तर त्याच्या हाती तेच लागेल.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे आणि तिला चित्रकलेकडेच जायचे आहे. जे. जे. मुंबई विद्यापीठाचे की स्वतंत्र, याविषयी नातेवाईक वेगवेगळे सांगतात. (डोंबिवली)

नातेवाईक दोन वेगळ्या काळांतले बोलत असावेत. ही संस्था १९८१ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच पदव्या देण्याचा, दर्जा मिळाला. प्रवेशाच्या नियमांसाठी चालू वर्षाची अधिकृत सूचनाच वाचावी, जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर जाऊ नये. मुलीने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या असतील तर प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्ज भरण्याआधी तिला दोन-तीन महाविद्यालयांची प्रदर्शने दाखवावीत. रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, मातकाम, वस्त्रकला यांतले आपल्याला काय हवे, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. मातीने बरबटलेले हात पाहिले की कळते.

प्रश्न : आमचे लालबागमध्ये मंडळ आहे. चाळीच्या बाहेरच्या भिंतीवर गिरणगावाचे चित्र काढून घ्यावे असा विचार आहे. कला महाविद्यालयाला पत्र दिले तर मुले येतील का? मुलांना अनुभव मिळेल आणि आमचा खर्चही होणार नाही.

कल्पना चांगली आहे, शेवटचे वाक्य मात्र मागे घ्यावे. तुमचे मंडळ मूर्तिकाराला बिदागी देते, मांडववाल्याला देते, ढोल-ताशावाल्यांनाही देते. मग भर उन्हात परांचीवर उभे राहून आठ दिवस भिंत रंगवणाऱ्या मुलांनी केवळ अनुभवावर का समाधान मानावे? रंग, ब्रश, परांची, दोन वेळचे जेवण आणि ठरलेले मानधन हे सर्व पत्रातच लिहावे. तसे पत्र आले की विभागप्रमुखांनाही ते मुलांपुढे ठेवताना संकोच वाटत नाही.

भिंतीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा चित्रांचे नुकसान बहुधा तेथेच होते. पावसाळा संपल्यावर भिंतीला सुकायला दोन महिने तरी द्यावेत आणि काम डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्यावे. सुटलेला गिलावा खरवडून नवा करावा, ओल कोणत्या पाइपातून येते ते आधी शोधावे आणि मग प्राइमर लावावा. ओल्या भिंतीवर कितीही चांगला रंग दिला तरी पहिल्याच पावसानंतर पोपडे धरतात. लहान चित्रावर चौकटी आखून तेच चौकोन भिंतीवर सुतळीने उमटवले की आकार बिघडत नाहीत. मुलांना ही रीत शिकवलेली असते. भित्तिचित्रण हे मुंबईच्या कलाशिक्षणाचे जुने अंग आहे. ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना जे. जे.मध्ये त्याचा खास वर्ग होता आणि तेथील विद्यार्थ्यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या सचिवालयातही चित्रे रंगवली.

एक विनंती. चित्र काढण्याआधी मुलांना चाळीतल्या जुन्या गिरणी कामगारांसमोर दोन संध्याकाळी बसवावे. भोंगा, चिमणी आणि डबा घेऊन चाललेला कामगार हे चित्र सगळेच काढतात. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कापसाची पूस कानामागे कशी साठे, तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस झोपावा म्हणून खोलीतली मुले बाहेर व्हरांड्यात कशी बसत, हे ज्यांनी भोगले तेच सांगतील. भिंतीच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यांची नावे लिहायला जागा ठेवावी आणि पुढे त्या जागेवर शुभेच्छांचा फलक लावू नये.

प्रश्न : माझी नात चौथीत आहे. तिला अशा प्रदर्शनाला नेले तर ती कंटाळेल का? (घाटकोपर)

सगळे दाखवायला गेलात तर कंटाळेल. एकच दालन दाखवावे, शक्यतो शिल्पाचे, कारण त्याच्याभोवती फिरता येते. चित्रापुढे तिला ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. तिनेच विचारले तर शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे तिला पाठवावे. आपल्या चित्राविषयी लहान मुलीने प्रश्न विचारला की ती मुले फार मनापासून उत्तर देतात. सोबत एक वही आणि पेन्सिल न्यावी, खोडरबर घरीच ठेवावा. बाहेर आल्यावर आवारातल्या झाडाखाली बसून तिला जे आठवेल ते काढू द्यावे आणि त्या पानावर तारीख घालून ठेवावी.