जुना सर्व्हर, त्यावर चार व्हीएम आणि प्रोसेसरचे पॅच

प्रश्न : आमच्या अकाउंटिंग ऑफिसात सेकंडहँड ड्युअल झिऑन ई५-२६७० सर्व्हर आहे, प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) चार व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. बायोस अपडेट यायचे कधीच बंद झालेत. मेल्टडाउन, स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटींसाठी प्रत्येक व्हीएममध्ये अपडेट टाकतो, तेवढं पुरतं का? की सर्व्हरच बदलू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तेवढं पुरत नाही, पण सर्व्हर लगेच काढून टाकायचीही गरज नाही. तुमचा प्रोसेसर २०१२ चा, इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीचा, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये बाहेर आलेलं मेल्टडाउन-स्पेक्टर, त्याच ऑगस्टमधलं एल१टीएफ आणि मे २०१९ मधलं एमडीएस, या डेटा चोरू देणाऱ्या सगळ्या त्रुटी त्याला लागू होतात. व्हीएमवाल्यांनी खरं घाबरायचं ते एल१टीएफला, कारण त्यात एका व्हीएममधला कोड त्याच कोअरच्या एल१ कॅशमधला (कोअरच्या आतली छोटी जलद मेमरी) होस्टचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरचा, किंवा दुसऱ्या व्हीएमचा डेटा वाचू शकतो, आणि हे व्हीएमच्या आतून थांबवताच येत नाही, होस्टवरच थांबवावं लागतं.

बायोस नाही मिळाला तरी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, त्रुटी सुधारता येणारा छोटा प्रोग्राम) मिळतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुमच्या चिपसाठी एमडीएसचा मायक्रोकोड इंटेलने जून २०१९ मध्ये दिलाय. प्रॉक्समॉक्स डेबियनवर चालतं, तर नॉन-फ्री-फर्मवेअर रिपॉझिटरी चालू करून इंटेल-मायक्रोकोड पॅकेज टाका, कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट करा, होस्ट रीबूट करा. मायक्रोकोड चिपमध्ये कायमचा बसत नाही, दर बूटला कर्नल तो परत चढवतो, म्हणून पॅकेज काढू नका. आधी बॅकअप मात्र घ्याच, जानेवारी २०१८ मध्ये हॅसवेल आणि ब्रॉडवेल या इंटेलच्या नंतरच्या पिढ्यांवर पहिल्या मायक्रोकोडने मशीन आपोआप रीबूट व्हायला लागली होती आणि इंटेललाच तो टाकू नका असं सांगावं लागलं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. होस्ट अपडेट झाला तरी व्हीएमला प्रोसेसरचे नवे फ्लॅग (प्रोसेसरला काय येतं ते सांगणाऱ्या खुणा) आपोआप दिसत नाहीत. सीपीयू टाइप 'होस्ट' करा (एकच सर्व्हर आहे, चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनचा, प्रश्नच नाही) आणि व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा, आतून नुसता रीस्टार्ट दिला तर काही बदलत नाही. मग लिनक्स व्हीएममध्ये सिस फाइलसिस्टिमच्या सीपीयू फोल्डरात 'व्हल्नरेबिलिटीज' उघडून एमडीएसची फाइल वाचा. 'नो मायक्रोकोड' असं दिसलं तर फ्लॅग आत पोचलेलाच नाही. 'एसएमटी होस्ट स्टेट अननोन' दिसलं तर घाबरू नका, होस्टवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं, यालाच एसएमटी म्हणतात) चालू आहे की नाही हे व्हीएमला आतून कळतच नाही.

हायपरथ्रेडिंग बंद करायचं का? चारही व्हीएम तुमच्याच माणसांच्या असतील तर मी चालू ठेवीन. पण एखादी क्लायंटला रिमोट लॉगिनसाठी दिली असेल, किंवा कोणीही काहीही इन्स्टॉल करत असेल, तर बंदच करा, ३२ थ्रेडचे १६ होतील, अकाउंटिंगच्या कामाला ते भरपूर झाले. एल१टीएफसाठी होस्ट जो एल१ फ्लश करतो, म्हणजे एल१ कॅश रिकामी करतो, नुसत्या त्याने त्याच कोअरवरच्या शेजारच्या थ्रेडवरून होणारी चोरी थांबत नाही.

या पिढीला आता नवा मायक्रोकोड येत नाही, त्यामुळे बाहेरच्यांना व्हीएम भाड्याने द्यायचा विचार असेल तर त्यासाठी हे मशीन वापरू नका.