‘पोक्त’ मुलगा हवा, की ऐकणारा?

“शिक्षण झालं, नोकरी लागली, पण मॅच्युरिटी नाही की अजून, मॅडम!” खानापूर, निपाणी, बेळगाव, पालक कुठलेही असोत, विशीतल्या मुलांबद्दल ही तक्रार मी समुपदेशनात सारखी ऐकते. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, ओळख बदलून.

मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला. घरी न सांगता त्यानं नोकरी सोडली.

“मॅच्युरिटी असती, तर काय केलं असतं त्यानं?” मी आईंना विचारलं.

“आम्हाला विचारलं असतं.”

“आणि तुम्ही नको म्हणाला असता तर?”

“ऐकलं असतं की.”

मुलाशी बोलल्यावर कळलं, दुसरी नोकरी ठरली होती, गाडीचे हप्तेही बाजूला काढले होते. “मग सांगितलं का नाहीस?”

“आई रडायला लागली की मला सोसत नाही.”

दोघांना समोर बसवून मी शब्दांकडे वळले. मॅच्युरिटीच्या मुळाशी लॅटिन ‘मातुरुस’ आहे : पिकलेला, वेळेवर झालेला. आपला ‘पोक्त’ फारसी ‘पुख्ता’वरून आला, म्हणजे शिजलेला. ‘परिपक्व’मधला ‘पच्’ धातू त्याचाच नातलग. यातल्या एकाही शब्दात ‘सांगितलेलं ऐकणारा’ हा अर्थ नाही.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लग्न झाल्या झाल्या सासूबाई मला पोक्त म्हणायच्या. उलट बोलत नव्हते म्हणून. खरं तर भीती वाटायची हो.”

मुलगा चमकून आईकडे बघायला लागला. मला हवा होता तो धागा इथं सापडला. तिचं तेव्हाचं गप्प बसणं आणि याचं आत्ताचं लपवणं, दोन्ही भीतीतूनच आलेलं. एकाला आपण पोक्तपणा म्हणतो, दुसऱ्याला पोरकटपणा.

मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या विचारांनी काम करते. स्वतःचं स्वतः करू पाहण्याची धडपड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सुरू होते, असं तो मांडतो. तिथपासून प्रत्येक वेळी लाजवलं, तर अठराव्या वर्षी कायद्यानं सज्ञान झालेलं मूलही निर्णय लपवूनच घेतं. म्हणून पालकांनी आधी बेत पूर्ण ऐकावा, मग प्रश्न विचारावेत, मत शेवटी द्यावं. मुलांनाही मी सांगते, ठरवणं हे अर्धंच काम. ते घरात सांगायचं, समोरच्याचा राग सोसायचा आणि तरी बोलणं तोडायचं नाही, हे उरलेलं अर्धं.

त्यानं वडिलांना पगार, हप्ते, सगळं आकड्यांनिशी सांगितलं. वडील चिडले, हा उठून गेला नाही.

शेवटच्या भेटीत आईंनी विचारलं, “धाकटीला कॉलेज निवडायचंय. तिला काय सांगू?”

“तिनं काय काय बघून ठेवलंय, ते आधी विचारा.”