चौथ्या फेरीतले चार टाके

‘आधी येत होतं, आता जमत नाही.’ यवतमाळकडच्या खेड्यांतून आठवडी बाजाराच्या दिवशी समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायका हे वाक्य इतक्यांदा बोलतात, की पुढचं मला आधीच कळतं. गुडघ्यांमुळे शेतात जाणं सुटलेलं असतं, स्वयंपाक सुनेकडे गेलेला असतो आणि दुपार सरता सरत नाही. कुणीतरी सुचवतं, जुना छंद काढा. त्या काढतात, चार दिवसांत टाकून देतात आणि मग काळजी दुप्पट होते: माझं डोकं तर बिघडलं नाही?

अशाच एका काकूंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींचं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

“मॅडम, लग्नाच्या आधी अख्खं रुखवत इनलं होतं मी. आता दोन वळी इनते अन् फेकून देते. माह्ये हातच गेले जी.”

“काय विणायला घेतलं होतं?”

“पलंगपोस.”

इथेच अर्धा घोटाळा होता. क्रोशाचा पलंगपोस म्हणजे कित्येक महिन्यांचं काम. त्यातली चूक वीतभर विणून झाल्यावर दिसते आणि तोवर उसवायचा धीर राहत नाही. शिवाय तो कुणी मागितलेला नसतो. रुखवतातल्या वस्तू पाहुण्यांनी पाहायच्या असत, वापरायच्या नसत. टीव्हीवरच्या झालरीचं तर आता चपट्या टीव्हीने कामच उरवलेलं नाही.

मी ज्या पद्धतीने काम करते, तिच्यात बालपण उकरण्याआधी आजची दुपार पाहतात. काही सहकाऱ्यांना हे उथळ वाटतं, मला वाटत नाही. काकूंना मी एवढंच विचारलं, “गेल्या आठ दिवसांत घरात कुणाला काय नडलं?” त्यांनी बराच वेळ आठवून सांगितलं, “पोरगा ओलिताले जाते तं पाण्याची शिशी गाडीवरून पडते.”

मग बाटलीची जाळी ठरली. काम दोन-तीन दुपारचं, मागणारा घरातलाच.

“पण मनच लागत नाही जी.”

“लागायची वाट पाहू नका. चहानंतर दारातल्या उजेडात वीस मिनिटं विणा आणि मनगट दुखायच्या आत थांबा.”

एक लिटरच्या बाटलीसाठी ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि मध्यम जाडीचा, फिक्या रंगाचा सुती दोरा घ्या. नक्षीची बारीक पोलादी सुई नको. काळ्या दोऱ्यावर या वयात टाके दिसत नाहीत. ४ साखळ्यांचं कडं करून त्यात ६ मुके खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका) घालायचे. पुढे प्रत्येक फेरीत सारख्या अंतरावर ६ वाढवत १२, १८, २४, ३०, ३६ असं जायचं. फेरीच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा, नाहीतर गणती हमखास चुकते. तळ बाटलीच्या बुडापेक्षा किंचित लहान राहिला तर चांगलं, कारण जाळी ताणते. मग वाढवणं बंद. ५ साखळ्या, २ टाके सोडून तिसऱ्यात मुका खांब, असे १२ फासे होतात. पुढच्या फेऱ्यांत ५ साखळ्या घालून प्रत्येक फाशाच्या मधोमध मुका खांब, बाटलीच्या खांद्यापर्यंत.

पुढच्या भेटीत काकूंनी पिशवीतून तळ काढून टेबलावर जवळपास आपटलाच. तो सपाट नव्हता, कडा वर उचलून वाटीसारखा झाला होता.

“हे पाहा. मी म्हटलंच होतं.”

धीर देणं सोपं होतं. “छान आहे हो” म्हटलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि परत आल्या नसत्या. मी म्हटलं, “प्रत्येक फेरीचे टाके मोजून सांगा.” त्या कुरकुरल्या, पण खुणेच्या दोऱ्यांवर बोट ठेवत मोजू लागल्या. सहा. बारा. अठरा. चौथ्या फेरीवर बोट थांबलं. पुन्हा मोजलं.

“वीस भरले जी.”

“किती पाहिजे होते?”

“चोवीस.” मग बराच वेळ काही नाही. मीही बोलले नाही. “म्हणजे चवथ्या फेरीत चार वाढवाचे राहून गेले. तवा सून दूध उतू गेलं म्हणून हाका मारत होती.”

“आणि हात?”

“हाताले काय झालं?” असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. “तीन फेऱ्या उसवा लागते, बस.”

या पद्धतीवर माझा जो विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळे. ‘मी बिघडले’ हे वाक्य उसवता येत नाही, चार टाके उसवता येतात. आधी कितीही समजावलं असतं तरी काकूंना ते पटलं नसतं, त्यांनी स्वतः मोजल्यावर पटलं. म्हणूनच मी लहान वस्तू सांगते: तिच्यातली चूक त्याच दुपारी दिसते, कुठे आहे ते कळतं आणि उसवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

ज्यांना असंच काही होतंय, त्यांनी आधी वस्तूकडे पाहावं. गोल वाटीसारखा वळला तर टाके कमी वाढले, कडेला झालर पडली तर जास्त. चौकोन वर निमुळता होत असेल तर ओळीचा शेवटचा टाका सुटतोय. पहिली साखळी आखडून काम वाकत असेल तर तेवढी साखळी एक माप जाड सुईने घाला.

जाळी वापरात गेली आणि आठवड्यात मुलाची तक्रार आली, पट्टा लोंबतोय. लिटरभर पाणी म्हणजे किलोचं वजन. नुसत्या साखळीचा पट्टा ताणतो आणि खांद्यात रुततो. ५ मुक्या खांबांच्या रुंदीची पट्टी विणायची, मापापेक्षा चार बोटं आखूड ठेवायची आणि टोकं जाळीच्या काठाला न अडकवता दोन्ही बाजूंनी तळापर्यंत शिवायची. काकूंनी कुणाला न विचारता पट्टा बदलला. त्या तक्रारीचं मला कौतुकापेक्षा जास्त मोल वाटलं. घरच्यांनीही उगाच वाहवा करू नये. वस्तू वापरावी आणि काय नडतं ते सांगावं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच राम वाटत नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर सुईदोऱ्यावर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

काकूंना आता सुनेने गरम भांडी उतरवायला धरणी मागितली आहेत. ती सुतीच विणावीत, आणि दुहेरी. बाजारातली स्वस्त लोकर बहुधा ॲक्रिलिक असते, ती उष्णतेने वितळून हाताला चिकटते. आणि सुती धरणं ओलं असताना गरम भांड्याला लावू नये, चटका लगेच आत पोचतो.